निर्वात पेटीचे काम : आपल्या लेथ-वेल्डिंगच्या शेडला जमेल का?

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींच्या आधाराने आपले कितीतरी कारागीर जगत आहेत. कुणाची लेथ आहे, कुणाचे मिलिंग, कुणी आर्गन वेल्डिंगचा उस्ताद, तर कुणी स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचा व्यापारी. यातील बहुतेकांचे काम दुचाकी-तीनचाकी गाड्यांच्या सुट्या भागांचे. मोठ्या कारखान्याचे वेळापत्रक आले की रात्रपाळी चालते, आणि थांबले की शेडचे भाडे अंगावर येते. आता विजेवर चालणाऱ्या गाड्या वाढत आहेत. त्या गाडीत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, क्रँक नाही, सायलेन्सर नाही. आजवर जे भाग खरादावर हजारोंनी उतरत होते, त्यांतील बरेच पुढच्या काळात लागणारच नाहीत. म्हणून नव्या कामाचा शोध घेणे भाग आहे.

असे एक काम येथे वाचकांपुढे ठेवत आहोत. ते फार मोठे नाही आणि त्यात झटपट पैसाही नाही. पण ते हाताच्या सफाईचे काम आहे, आणि त्याची मागणी असलेली ठिकाणे आपल्यापासून दूर नाहीत. हे काम म्हणजे संशोधन केंद्रातील निर्वात चेंबरमध्ये पदार्थाचे नमुने हवा न लागू देता पोहोचवणारी उपकरणे. कारखान्यांच्या भाषेत व्हॅक्यूमचे काम.

हवेचे एवढे भय कशासाठी?

थर्मास सर्वांच्या घरी असतो. त्याच्या दोन भिंतींमधली हवा काढलेली असते, म्हणून चहा गरम राहतो. संशोधकांना लागणारी निर्वात पोकळी मात्र थर्माससारखी ढोबळ चालत नाही. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब सुमारे १०१३ मिलिबार असतो. धातूचा किंवा अन्य पदार्थाचा अगदी वरचा थर तपासायचा असेल तर चेंबरमधील दाब एका मिलिबारच्या अब्जांश भागापर्यंत, कधी त्याच्याही खाली न्यावा लागतो.

एवढी कडक अट का, ते एका हिशोबाने कळेल. दाब एका मिलिबारच्या दशलक्षांश असेल, तर उरलेल्या वायूचे रेणू एक-दोन सेकंदांतच स्वच्छ पृष्ठभागावर एक पूर्ण थर बसवण्याइतक्या संख्येने येऊन आदळतात. दाब आणखी हजारपट खाली नेला, म्हणजे एक अब्जांश केला, की हाच वेळ पाव ते अर्ध्या तासावर जातो. आणखी दहापट खाली गेले की काही तास मिळतात. उघड्या हवेत मात्र हा थर डोळ्याचे पाते लवण्याआधीच बसतो. संशोधकाने महिनाभर खपून तयार केलेला नमुना क्षणभर हवेत आला, तर पुढे यंत्राला नमुना दिसत नाही, त्याच्यावर बसलेली हवा, पाण्याची वाफ आणि तेलकटपणा दिसतो. लिथियमसारखा धातू तर दमट हवेत पाहता पाहता काळवंडतो. विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांवर काम करणाऱ्यांपुढे ही रोजची अडचण आहे.

नमुना आत जातो कसा?

मोठे चेंबर एकदा उघडले की पुन्हा निर्वात करायला कित्येक दिवस लागतात. म्हणून नमुना आत घालताना ते उघडतच नाहीत. त्याच्या बाजूला एक लहान चेंबर जोडलेले असते. त्याला लोड लॉक म्हणतात. मोठ्या वाड्याला जशी देवडी असते तसे समजा. नमुना आधी देवडीत ठेवायचा, बाहेरचे दार बंद करायचे, पंपाने हवा काढायची, आणि दाब पुरेसा उतरला की मधला गेट व्हॉल्व्ह उघडून नमुना आत सरकवायचा.

आता आत हात कसा घालणार? १९६९ साली चंद्रावरून आणलेले पहिले दगड ह्यूस्टन येथे निर्वात चेंबरमध्येच हाताळले गेले. भिंतीला जाड हातमोजे बसवलेले होते आणि त्यांत हात घालून काम चाले. पण ते हातमोजेच गळू लागले. पुढच्या मोहिमांचे दगड मग शुद्ध नायट्रोजन भरलेल्या पेट्यांत हाताळण्यात आले. आज प्रयोगशाळांत चुंबकाचा दांडा वापरतात. एका बंद नळीत सरळ दांडा असतो आणि त्याच्या मागच्या टोकाला चुंबक. नळीच्या बाहेर चुंबकाचे कडे असते. बाहेरून कडे सरकवले की आतला दांडा सरकतो, कडे फिरवले की दांडा फिरतो. भिंतीला भोक नाही, त्यामुळे तिथून गळतीही नाही. नळीची सरळता आणि ग्रीसशिवाय फिरणारी बेअरिंग यांतच या दांड्याची सारी किंमत आहे.

खरी कसोटी पुढे लागते. नमुना एका गावात तयार झाला आणि तपासायचे यंत्र दुसऱ्या गावात आहे. त्यासाठी हातात उचलून नेता येईल अशी निर्वात पेटी असते. संशोधक तिला व्हॅक्यूम सूटकेस म्हणतात. तिला स्वतःचा गेट व्हॉल्व्ह असतो, स्वतःचा दांडा असतो आणि बॅटरीवर चालणारा छोटा आयन पंप असतो. सोबत गेटर नावाचा मिश्रधातू असतो. तो वायू शोषून घेतो आणि एकदा तापवून तयार केला की त्याला वीज लागत नाही. जुन्या रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हमध्ये आतून चंदेरी डाग दिसत असे, तो याच कामाचा. आर्गनसारखे वायू मात्र गेटर शोषत नाही, म्हणून जोडीला आयन पंप लागतोच.

ही पेटी दुसऱ्या यंत्राला जोडली की दोन व्हॉल्व्हच्या मध्ये थोडी हवा अडकते. ती आधी पंपाने काढावी लागते आणि तो भाग तापवून त्यातली वाफही घालवावी लागते. त्यानंतरच दोन्ही दारे उघडतात आणि दांडा नमुना पुढे नेतो. घाई करून दारे उघडली तर सगळा प्रवास वाया जातो.

जपानच्या अवकाश संस्थेने हेच काम फार मोठ्या सावधगिरीने केले. हायाबुसा-२ या यानाने र्‍युगू नावाच्या लघुग्रहावरून सुमारे ५.४ ग्रॅम माती आणि खडे आणले. डिसेंबर २०२० मध्ये ती पेटी निर्वात चेंबरमध्येच उघडली गेली. काही कण निर्वात स्थितीतच जपून ठेवले आणि बाकीचे शुद्ध नायट्रोजनमध्ये हलवले. कोट्यवधी किलोमीटरचा प्रवास करून आलेला माल शेवटच्या हातभर अंतरात नासू नये, म्हणून एवढा खटाटोप.

इंदूर आणि हिंगोली

आपल्याला जपानपर्यंत जाण्याची गरज नाही. धुळ्यामार्गे इंदूरला आपले व्यापारी नेहमी जातात. तेथे अणुऊर्जा विभागाचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. १९८४ मध्ये पाया घातलेल्या या केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन सिंक्रोट्रॉन यंत्रे आहेत. इंडस-२ चे कडे १७२.५ मीटर परिघाचे आहे. त्यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरण मिळतात. ते किरण नळ्यांतून प्रयोगाच्या चेंबरपर्यंत नेलेले असतात. ते कडे, त्या नळ्या आणि पृष्ठभाग तपासणारी चेंबर्स, सगळी निर्वात. देशभरातील विद्यापीठांचे संशोधक आपापले नमुने घेऊन तेथे येतात. ज्याचा नमुना वाटेत हवेने बिघडतो, त्याला तो तेथे पुन्हा तापवून किंवा आर्गन आयनांचा मारा करून घासावा लागतो. काही नमुने हे सोसतात. काहींचा मूळ थरच उडून जातो. आपल्या शहरातून इंदूरचा रस्ता एका रात्रीचा आहे. त्या रात्रभर दाब एक अब्जांश मिलिबारच्याही बराच खाली टिकवून धरणारी पेटी असेल, तरच असा नमुना शाबूत पोहोचेल.

दुसरे ठिकाण आपल्या मराठवाड्यातच आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया हा गुरुत्वलहरी शोधण्याचा प्रकल्प होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. खर्चाचा आकडा २,६०० कोटी रुपये, आणि पूर्ण करण्याचे लक्ष्य २०३०. एकमेकींशी काटकोनात असलेल्या ४-४ किलोमीटरच्या दोन नळ्या तेथे निर्वात राहणार आहेत. इंदूरचे वरील केंद्र, पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची मुंबईतील बांधकाम शाखा मिळून हे काम पाहतात. लायगोमध्ये नमुने तपासायचे नसतात. पण आरसे आणि त्यांची यंत्रे निर्वात चेंबरमध्ये बसवताना स्वच्छतेचे नियम हेच. मोठ्या नळ्यांचे कंत्राट आपल्या लहान शेडला मिळणार नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. मात्र असे केंद्र उभे राहते तेव्हा जोडनळ्या, झाकणे, स्टँड आणि दुरुस्ती यांची किरकोळ कामे वर्षानुवर्षे निघत राहतात.

कोणत्या सवयी मोडाव्या लागतील?

आपला वेल्डर म्हणेल, औषध कारखान्यांसाठी आम्ही स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि पाइप जोडतो, मग यात नवे काय? तो निम्म्या वाटेवर पोहोचलेला आहे यात शंका नाही. उरलेल्या निम्म्या वाटेवर जुन्या सवयी आडव्या येतात.

पहिली सवय दोन्ही बाजूंनी वेल्ड मारण्याची. मजबुतीसाठी आपण आतून आणि बाहेरून सांधा भरतो. निर्वात कामात त्या दोन सांध्यांमध्ये हवेची पातळ पोकळी अडकते आणि ती महिनोन्महिने आत झिरपत राहते. बाहेरून तपासले तर गळती सापडत नाही, आणि दाब मात्र उतरत नाही. म्हणून अखंड वेल्ड आतल्या बाजूने घ्यायचा, आणि बाहेरून आधार हवाच असेल तर तुटक टाके मारायचे. याच कारणाने चेंबरच्या आत बसणाऱ्या, बंद भोकातल्या स्क्रूला मधून आरपार बारीक छिद्र पाडतात.

दुसरी सवय चकाकीची. गिऱ्हाइकाला चमक आवडते म्हणून आपण एमरी आणि बफिंग करतो. त्यात घासण्याची पूड आणि मेण धातूत रुतून बसते आणि नंतर वायू सोडत राहते. येथे धारदार हत्याराने घेतलेला स्वच्छ कट बफिंगपेक्षा चांगला ठरतो. लोखंडावर वापरलेले ग्राइंडिंगचे चाक स्टेनलेसला लावायचे नाही. सिलिकॉनचा स्प्रे शेडमध्ये ठेवायचाच नाही. कूलंट पाण्यात विरघळणारे आणि गंधक-क्लोरीन नसलेले घ्यायचे.

तिसरी सवय उघड्या हाताची. धुतलेल्या भागावर बोटाचा एक ठसा पडला, तर त्यातील तेल आणि घाम चेंबरमध्ये वायू सोडत राहतात. तेल काढणे, अल्ट्रासॉनिक टाकीत धुणे, शुद्ध पाण्याने खळबळणे, सुकवणे, आणि त्यानंतर पावडर नसलेले हातमोजे घालूनच हात लावणे, हा क्रम मोडता येत नाही. शेवटी भाग स्वच्छ ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून द्यायचा.

चौथी गोष्ट फ्लँजची. या कामातील फ्लँजला आतून सुरीसारखी गोल धार असते. दोन धारांच्या मध्ये तांब्याचे वायसर दाबले जाते आणि धार त्यात रुतून सांधा बंद होतो. वायसर एकदाच वापरायचे. त्या धारेवर केसाएवढा आडवा ओरखडा आला तरी फ्लँज बाद. म्हणून लेथवरून उतरताच तिला टोपी घालतात आणि ती कधीही पालथी ठेवत नाहीत.

जस्त, पितळ आणि ग्रेडची बात

आपल्याकडच्या बिदरीच्या कारागिराला हे लगेच समजेल. बिदरीचा धातू जस्ताचा. त्यात तांबे थोडे आणि जस्त फार. हवेत हा धातू पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पण निर्वात चेंबर १२० ते २०० अंशांवर एक-दोन दिवस तापवले जाते, आणि त्या उष्णतेत जस्त वाफ होऊन उडते व आतल्या प्रत्येक भागावर बसते. पितळेतही जस्त असते, म्हणून पितळही चालत नाही. जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा दिलेला एखादा नट आत राहिला, तरी लाखोंचे यंत्र खराब होते.

येथे व्यापाऱ्याची जबाबदारी सुरू होते. मागणी ३०४ एल किंवा ३१६ एल ग्रेडची असेल तर तोच माल, कारखान्याच्या तपासणी दाखल्यासह आणि हीट नंबर जुळवून द्यावा लागतो. बाजारात २०२ ग्रेडचा पत्रा ३०४ म्हणून खपवणारे आहेत. भांड्यात ते झाकून जाते, या कामात झाकत नाही. प्रयोगशाळा धातू तपासते, आणि एकदा नाव गेले की तो दरवाजा कायमचा बंद होतो. जो व्यापारी दाखल्यासह अचूक ग्रेड, ऑक्सिजनमुक्त तांबे, धागे न सोडणारे पुसण्याचे कापड आणि चांगले हातमोजे एका ठिकाणी ठेवील, त्याच्याकडे शेडवाले आपण होऊन येतील.

पास की नापास?

निकाल हेलियमच्या गळती तपासणी यंत्रावर लागतो. चेंबरमधील हवा काढून बाहेरून सांध्यावर हेलियमची बारीक फुंकर मारतात, आणि आत हेलियम आले का ते यंत्र सांगते. नेहमीची अट असते, गळती सेकंदाला एक अब्जांश मिलिबार-लिटरपेक्षा कमी. याचा अर्थ असा की, एवढ्याशा गळतीतून एक घन सेंटीमीटर हवा आत यायला सुमारे ३० वर्षे लागतील. साबणाच्या फेसाने टाकी तपासणाऱ्या हाताला हा हिशोब प्रथम चेष्टेचा वाटतो. हे यंत्र लाखो रुपयांचे आहे आणि सुरुवातीला घेण्याची गरज नाही. पैसे देऊन दुसरीकडे तपासून घेता येते, आणि पुष्कळदा खरेदी करणारी प्रयोगशाळा स्वतःच तपासते. मात्र तपासणी कुठे, कुणाच्या खर्चाने, आणि नापास झाल्यास दुरुस्तीची संधी किती वेळा, हे ऑर्डरमध्ये आधी लिहून घ्यावे.

काय बनवावे, काय बनवू नये

गेट व्हॉल्व्ह, आयन पंप आणि गेटर यांच्या नादी सुरुवातीला लागू नये. ते विकतच घ्यावे लागतात. लहान शेडने बंद झाकणे, सरळ जोडनळ्या, टी आणि क्रॉस, लोड लॉकचे लहान धड, पेटीचा स्टँड आणि चाकांची गाडी येथून सुरुवात करावी. नमुना धरणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या स्टेनलेस, मॉलिब्डेनम किंवा टँटॅलमच्या लागतात. त्या हरवतात, झिजतात आणि पुन्हा पुन्हा मागवल्या जातात. चेंबर तापवण्यासाठी काचेच्या धाग्याच्या कापडाची मापाची आवरणे लागतात. शिवणकामाचा चांगला हात असलेल्यांनी त्याकडे पाहावे. प्रवासात पेटीला हादरे बसू नयेत म्हणून गादी लावलेल्या खोक्याची गरज असते, ते सुताराचे काम आहे.

कागद आणि पैसा

सरकारी संस्थेला माल द्यायचा तर उद्यम नोंदणी हवी. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्र सरकारच्या विभागांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतील २५ टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. अशा उद्योगांना निविदेची अनामत रक्कम माफ असते. व्यापाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. जुलै २०२१ पासून घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. खरेदी धोरणाचा लाभ माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांच्या खरेदीचे नियम सैल केले आणि दरपत्रक न मागवता थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये केली. लहान शेडच्या पहिल्या ऑर्डरी बहुधा याच मर्यादेतल्या असतील.

पैशाबाबत भ्रम नको. माल पास झाल्यावरच बिल चालते. २००६ च्या कायद्याने लघु उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत मिळाले पाहिजेत, आणि न मिळाल्यास सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. तरीही दोन-तीन महिन्यांचे भांडवल अडकेल असे धरूनच दर सांगावा. पहिला नग नापास होईल हेही खर्चात धरावे. म्हणून चालू जॉबवर्क सोडून यात उडी घेणे शहाणपणाचे नाही. शेडचा एक कोपरा काचेने वेगळा करावा, त्यात लोखंडाचे काम बंद ठेवावे, आणि एका हुशार पोराला त्या कोपऱ्याचा मालक करावे.

शिकण्याची सोयही आहे. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये अचूक मशीनिंगचे प्रशिक्षण मिळते. मुंबईत १९७० मध्ये स्थापन झालेली इंडियन व्हॅक्यूम सोसायटी या विषयावर अभ्यासवर्ग घेते. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात जाऊन जुन्या यंत्राचे एखादे बाद झालेले झाकण किंवा जोडनळी पाहायला मागावी. त्यावरून माप घ्यावे, एक नग बनवावा, धुवावा, तपासून घ्यावा. दोन-चार वेल्डर आणि एक पोलादाचा व्यापारी मिळून हा पहिला नग काढला तर खर्चही वाटला जाईल. तो पास झाला, तर हिंगोलीच्या आणि इंदूरच्या खरेदी विभागापुढे ठेवायला हातात काहीतरी असेल. नुसत्या ओळखपत्राने तेथे काम मिळत नाही.